धंदा सांभाळून लोकसभेचा अर्ज भरायचा तर

मी छापखाना चालवते. निवडणूक आली की आमच्याकडे दुसऱ्यांची पत्रकं छापली जातात. एकदा स्वतःच्या नावाची छापली आणि लोकसभेला अपक्ष उभी राहिले. अनामत गेली, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा जिंकायचं कसं, ते इथे शोधू नका. २०२४ साली ५४३ जागांमधून फक्त ७ अपक्ष निवडून आले. त्यातले एक सांगलीचे विशाल पाटील, पण ते वसंतदादांचे नातू. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाने त्यांच्याकडे बघून गणित मांडू नये. मला सांगायचंय ते वेगळंच आहे: आपल्यासारखा उमेदवार मतांच्या आधी कागदांत अडकतो, आणि त्यातले निम्मे कागद त्याच्या धंद्याचेच असतात.

म्हणून पहिल्यांदा बघायचं ते सरकारी कंत्राट. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९अ प्रमाणे, सरकारला माल पुरवण्याचं किंवा सरकारने हाती घेतलेलं काम करून देण्याचं कंत्राट तुमच्या धंद्यात चालू असेल, तर तुम्ही अपात्र ठरता. लोकसभेच्या बाबतीत इथे सरकार म्हणजे केंद्र सरकार. त्यामुळे राज्य सरकारच्या खात्याचं काम या कलमात येत नाही, पण केंद्राच्या एखाद्या खात्याला रजिस्टरं किंवा फॉर्म पुरवायची ऑर्डर असेल तर ती यात मोडते. जेम पोर्टलवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारात, माल विकणाऱ्यांनी तर आपल्या उघड्या ऑर्डरी एकेक करून तपासाव्यात. दिलासा एवढाच की तुमच्या बाजूचं काम पूर्ण झालं असेल आणि फक्त बिल थकलं असेल, तर ते कंत्राट चालू धरत नाहीत. पण काम पूर्ण झालं हे तोंडी सांगून भागत नाही. माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती किंवा काम पूर्ण झाल्याचं पत्र हातात हवं. पात्रता छाननीच्या तारखेला बघतात, म्हणजे हे सगळं त्याआधी मिटलेलं पाहिजे. इथे शंभर-दोनशे रुपये वाचवू नका, वकिलाला दाखवा.

वय २५ पूर्ण आणि देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, एवढं असलं की पुढे जायचं. नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर यादीच्या त्या भागाची प्रमाणित प्रत अर्जासोबत लागते. अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. रोख भरा किंवा कोषागारात चलनाने. चेक चालत नाही. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ही रक्कम जप्त.

सूचकांकडे, म्हणजे अर्जावर सही करून तुमचं नाव सुचवणाऱ्या मतदारांकडे, मात्र नीट लक्ष द्या. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. लोक आपल्या ओळखीचे दहा गिऱ्हाईक धरून आणतात आणि त्यातला एक शेजारच्या मतदारसंघाचा निघतो. सही घेण्याआधी प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः ताडून बघा. एकाच मतदारसंघात चार अर्जांपर्यंत भरता येतात आणि अनामत एकदाच लागते, म्हणून दुसरा अर्ज वेगळ्या दहा सूचकांचा भरून ठेवावा. चिन्हांसाठी मुक्त चिन्हांच्या यादीतून तीन पसंतीक्रम लिहायचे. इथे फार डोकं खाजवू नका, लहान मुलाला ओळखता येईल ते चिन्ह घ्या.

आता नमुना २६, म्हणजे शपथपत्र. यात तुमचे आणि जोडीदाराचे मागच्या पाच वर्षांच्या आयकर विवरणांतले उत्पन्नाचे आकडे, मालमत्ता, कर्जं, थकीत कर, दाखल गुन्हे, सगळं येतं. वस्तू व सेवा कर किंवा मालमत्ता कर थकला असेल तर तोही लिहायचा. उत्पन्नाचं साधन आणि सरकारशी असलेली कंत्राटं यांचेही रकाने आहेत, तुमच्या भागीदारी फर्मसकट. एकही रकाना मोकळा ठेवू नका. लागू नसेल तर तसं लिहा. रकाने मोकळे ठेवले आणि सांगूनही भरले नाहीत तर अर्ज बाद होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केलंय. धंद्याचा ताळेबंद आणि शपथपत्र दोन्ही समोर ठेवून आमच्या हिशेबनिसाने आकडे जुळवले, तेव्हा कुठे मी नोटरीकडे गेले. विरोधक हे कागद वाचतात, आणि गावातला प्रत्येक व्यापारी तर अगदी चवीने वाचतो.

अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ याच वेळेत घेतात. अधिसूचनेनंतर सातवा दिवस शेवटचा, त्याच दिवशी सार्वजनिक सुट्टी आली तरच तारीख सरकते. अर्ज दिल्यावर आणि छाननीच्या दिवसाआधी संविधानावरील निष्ठेची शपथ घ्यायची असते. गर्दीत ती राहून जाते.

निवडणुकीचं वेगळं बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं हवं. नवरा किंवा मुलगा सहखातेदार चालत नाही, चालतो तो फक्त तुमचा निवडणूक प्रतिनिधी. धंद्याच्या खात्यातून थेट खर्च करायचा नाही: आधी आपल्या वैयक्तिक खात्यात पैसे काढा, तिथून निवडणूक खात्यात, आणि सगळा खर्च तिथूनच. एका माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत रोखीने १०,००० च्या वर देता येत नाही. मंडपवाल्याला आठ हजार आज आणि पाच हजार परवा, असं जमत नाही. मोठ्या राज्यांत खर्चमर्यादा ९५ लाख आहे, पण आपल्याला तिची भीती नाही. आपली अडचण नोंदींची असते.

माझीच गंमत बघा. स्वतःचं मशीन, स्वतःचा कागद, तरी पत्रकांचा खर्च शून्य दाखवता येत नाही. जिल्ह्याच्या जाहीर दरपत्रकाप्रमाणे किंमत धरून नोंदवावी लागते. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, कलम १२७अ. प्रकाशकाने ओळखीच्या दोघांच्या साक्षीने सही केलेलं घोषणापत्र मुद्रकाला दोन प्रतींत द्यायचं असतं. म्हणजे मी मलाच दिलं. त्यातली एक प्रत आणि पत्रक प्रशासनाकडे पाठवलं. हसू आलं तरी करावं लागतं, कारण छापलेल्या प्रतींचा आकडा आणि नोंदवहीतला खर्च ते ताडून बघतात. हेच तुमच्या टेम्पोला, गोडाऊनला आणि प्रचाराला नेलेल्या कामगारांच्या पगाराला लागू.

आचारसंहितेत दुकानाच्या सवयीही जरा आवरत्या घ्या. नेहमीची सवलत असेल तर जुनी बिलं जपून ठेवा. पण प्रचाराच्या दिवसांत नवी योजना काढणं किंवा कुणाची उधारी सोडून देणं मतदाराला आमिष वाटू शकतं. उमेदवाराच्या गाडीत ५०,००० पेक्षा जास्त रोकड सापडली तर निवडणुकीचं तपासणी पथक ती जप्त करू शकतं, तेव्हा गल्ला बँकेत भरायला स्वतः जाऊ नका, दुसऱ्याला दुसऱ्या गाडीने पाठवा आणि सोबत विक्रीच्या नोंदी द्या. मतदानाच्या दिवशी कामगारांना पगारी सुट्टी कायद्यानेच आहे. मालक उमेदवार असला तरी.

हिशेब अर्जाच्या दिवसापासून निकालापर्यंतचा, दोन्ही दिवस धरून. प्रचारात तीनदा खर्च निरीक्षकांपुढे तपासणी होते, वही घेऊन जायचं. निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. हरलेल्यांना वाटतं, आता कोण विचारतंय! पण हिशेब दिला नाही तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. आमच्या हिशेबनिसाने तो मुदतीआधी नेऊन दिला आणि पोच घेऊन आला. ती पोच मी विक्रीकराच्या जुन्या फायलींशेजारी लावून ठेवलीय.