क्राफ्ट नाइफने बारीक कापताना
बोट कापतं ते बहुतेक वेळा बोथट पात्यामुळे. धार गेली की हात नकळत जोर लावतो आणि पातं पट्टीवरून उसळतं. कापलेल्या कडेला तुसं दिसू लागली की पातं लगेच बदला. नवं पातं पक्कडीने धरून बसवा, कॉलर, म्हणजे पातं धरून ठेवणारी कडी, घट्ट फिरवा.

जाड पुठ्ठा एका दमात कापायला जाऊ नका. पहिली रेघ अगदी हलकी, मग त्याच खाचेतून तीन-चार वेळा. पट्टी स्टीलचीच हवी, प्लास्टिकच्या पट्टीत पातं शिरतं. पट्टी दाबणारी बोटं पात्याच्या वाटेत नकोत. वळणावर सुरीऐवजी कागद फिरवा. आणि सुरी घरंगळली तर झेलू नका, पाय मागे घ्या. जुनी पाती झाकणाच्या डबीत साठवा.