रंगमंचावर एलईडी दिवे आणण्यापूर्वी करायची वीजव्यवस्थेची तयारी

जुने हॅलोजन दिवे उतरवून एलईडी दिवे घ्यायचे ठरले की पहिली चर्चा सहसा दिव्यांच्या मॉडेलची आणि वाचणाऱ्या विजेची होते. माझ्या मते तयारीची सुरुवात दिव्यांपासून न करता डिमर रॅकपासून, म्हणजे दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारे डिमर ज्या कपाटात असतात तेथून, करावी. हॅलोजन दिव्यातील टंगस्टनची तार ही विजेच्या दृष्टीने अगदी साधी वस्तू आहे. जेवढी वीज मिळेल तेवढी ती तापते आणि उजळते. एलईडी दिव्याच्या पोटात मात्र स्विच-मोड पॉवर सप्लाय (येणारी वीज एलईडीला लागेल त्या रूपात बदलणारे सर्किट), प्रोसेसर आणि बहुधा पंखाही असतो, आणि या सगळ्याला अखंड, न कापलेली वीज सतत लागते. वॉट कमी झाले म्हणजे जुनी व्यवस्था आपोआप पुरेशी ठरली, हा समज सर्वांत आधी बाजूला ठेवावा, कारण पुढच्या बहुतेक अडचणी त्याच समजातून उद्भवतात.

पहिले काम पाहणीचे आहे आणि ते कागदी आराखड्यावर विसंबून करू नये. प्रत्येक बारवरचे (दिवे टांगण्याच्या आडव्या नळीवरचे) प्रत्येक सॉकेट कोणत्या डिमरवर आहे, त्याचा एमसीबी (जादा प्रवाहाला वीज तोडणारा स्विच) किती अँपिअरचा आणि कोणत्या प्रकारचा आहे, ते कोणत्या फेजवर आहे, केबल किती जाडीची आणि साधारण किती लांबीची आहे, ही माहिती प्रत्यक्ष तपासून एका तक्त्यात लिहावी. या तक्त्यात न्यूट्रलसाठी, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेसाठी, वेगळा रकाना ठेवावा आणि तो नेटाने भरावा. जुन्या वायरिंगमध्ये अनेक सर्किटांना मिळून एकच न्यूट्रल ओढलेला आढळतो. अशा सर्किटांना पुढे स्वतंत्र आरसीसीबी (प्रवाह अर्थकडे गळल्यास वीज तोडणारा स्विच) लावायला गेल्यास एका सर्किटचा प्रवाह दुसऱ्याच वाटेने परततो आणि आरसीसीबी तुटतो, म्हणजे वीज बंद करतो. पाहणीच्या वेळीच अर्थिंगची सलगता मोजावी आणि सर्व उपकरणे सोडवून ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशनची चाचणी करावी. दिव्यांच्या जवळची, वर्षानुवर्षे उष्णतेत राहिलेली वायर बाहेरून धड दिसली तरी वाकवल्यावर तिचे आवरण तडकते, म्हणून तेवढे शेवटचे तुकडे हाताने तपासावेत. फार जुन्या दिव्यांच्या शेपट्यांवर, म्हणजे दिव्याला कायम जोडलेल्या वायरींवर, ॲस्बेस्टॉसचे आवरण असण्याची शक्यता असते. तसा संशय आला तर त्यांना हात न लावता जाणकाराला बोलवावे. ही सर्व कामे परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावीत, हे वेगळे सांगायला नको.

यानंतरचा प्रश्न डिमरचा, आणि त्यावर जरा थांबणे आवश्यक आहे. प्रचलित डिमर थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या साहाय्याने विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा सुरुवातीचा भाग कापतो आणि उरलेला भाग दिव्याला देतो. टंगस्टनची तार तापायला आणि निवायला वेळ घेते, त्यामुळे ही कापाकापी डोळ्याला जाणवत नाही. पॉवर सप्लायच्या आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) मात्र लहर मधूनच एकदम सुरू झाल्यावर दर वेळी झटक्याने प्रवाह ओढतो. त्यातून गुणगुण, लुकलुक, तापणे आणि अखेरीस सप्लाय जळणे, असा क्रम लागतो. कन्सोलवर (प्रकाशनियंत्रणाच्या पटावर) तो डिमर कायम शंभर टक्क्यांवर ठेवला की झाले, असे पुष्कळजण म्हणतात, पण त्यावर विसंबून राहू नये. पूर्ण उघडलेला डिमरही वीज थायरिस्टरमधूनच देतो, थायरिस्टर चालू राहण्यासाठी किमान प्रवाह लागतो, आणि एखाददुसऱ्या एलईडी दिव्याचा प्रवाह त्यापेक्षा कमी भरू शकतो. शिवाय कुणाच्या तरी हातून त्या डिमरचा फेडर, म्हणजे सरकती कळ, चुकून खाली येण्याची टांगती तलवार राहतेच.

हे स्वतः पाहायचे असेल तर कोणताही भार न जोडलेल्या डिमरच्या सॉकेटमध्ये, कन्सोलवर शून्य असताना, विद्युत तंत्रज्ञाकडून मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून घ्यावे. मीटर बऱ्यापैकी मोठा आकडा दाखवतो, आणि तेथे हॅलोजन दिवा जोडताच तोच आकडा जवळपास शून्यावर येतो. थायरिस्टरच्या संरक्षणासाठी त्याला समांतर जोडलेल्या भागांतून थोडी वीज सतत झिरपत असते. हॅलोजनला ती जाणवतही नाही, पण एलईडीचा कपॅसिटर तिच्यावर हळूहळू भरतो, दिवा क्षणभर चमकतो, विझतो आणि पुन्हा भरू लागतो. संपूर्ण अंधाराच्या प्रवेशात वर टांगलेला एक दिवा ठरावीक अंतराने मिचकत राहतो तो बहुधा यामुळेच.

म्हणून प्रत्येक सर्किटाबाबत एक निर्णय लेखी घ्यावा: ते डिमरवरच राहणार, रिलेवर (दुरून फक्त चालू-बंद करता येणाऱ्या स्विचवर) जाणार, की थेट अखंड पुरवठ्यावर जाणार. अनेक डिमर रॅकमध्ये डिमरचे मॉड्यूल काढून त्याच जागी रिलेचे मॉड्यूल बसवता येते आणि हा मार्ग सर्वांत कमी तोडफोडीचा असतो. मात्र ते मॉड्यूल थायरिस्टरला पूर्णपणे वगळते की केवळ त्याला पूर्ण उघडून ठेवते, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. रॅकच जुना असेल आणि त्याचे सुटे भाग मिळत नसतील तर त्यावर खर्च करण्यापेक्षा रिले असलेले नवे वितरण पॅनेल बसवावे. केवळ अखंड पुरवठ्यापेक्षा मी रिलेला प्राधान्य देईन, कारण प्रयोग नसताना दिव्यांतील इलेक्ट्रॉनिक्स आणि पंखे विनाकारण चालू राहत नाहीत आणि दिव्यांचे आयुष्यही वाढते. त्याच वेळी सगळे डिमर काढून टाकण्याची घाई करू नये. काही हॅलोजन दिवे, जुन्या धाटणीचे मंचावरील दिवे आणि बाहेरून येणाऱ्या संस्थांचे सामान यांसाठी थोडी डिमर सर्किटे राखून ठेवावीत.

आता हिशेब. समजा एका बारवर १००० वॉटचे १२ हॅलोजन दिवे होते. २३० व्होल्टवर त्यांचा एकूण प्रवाह सुमारे ५२ अँपिअर होतो. त्यांच्या जागी २०० वॉटचे १२ एलईडी दिवे आले आणि त्यांचा पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष वापरलेल्या विजेचे ओढलेल्या विजेशी प्रमाण) ०.९५ असला तर एकूण प्रवाह ११ अँपिअरच्या आसपास भरतो. १६ अँपिअरच्या एकाच सर्किटवर सगळे दिवे बसतील असे यावरून वाटते, आणि फसगत नेमकी येथेच होते. वीज सुरू होताच प्रत्येक सप्लायचा रिकामा कपॅसिटर अगदी अल्प काळासाठी, बहुधा एका मिलिसेकंदाच्याही आत, नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. समजा हा झटका प्रत्येक दिव्यामागे ४० अँपिअर असेल, तर बारा दिव्यांचा मिळून तो ४८० अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. बी प्रकारचा एमसीबी त्याच्या रेटिंगच्या ३ ते ५ पट, सी प्रकारचा ५ ते १० पट आणि डी प्रकारचा १० ते २० पट प्रवाहाला तत्काळ तुटतो. फारच अल्प काळाच्या झटक्याला एमसीबी याहून थोडे अधिक सहन करतो, म्हणून केवळ या आकडेमोडीवर न थांबता दिव्याच्या माहितीपत्रकात कोणत्या एमसीबीवर किती दिवे चालतात हे दिलेले असते ते पाहावे, आणि दिलेले नसेल तर मागून घ्यावे. एमसीबीचा प्रकार बदलून प्रश्न सोडवायचा असेल तर त्याआधी अर्थ फॉल्ट लूपचा, म्हणजे दोषाच्या वेळी प्रवाह अर्थमधून ज्या वाटेने फिरतो तिचा, रोध मोजावा. हा रोध जास्त असला तर डी प्रकारचा एमसीबी खऱ्या दोषाच्या वेळी लवकर तुटणार नाही, आणि ते अधिक धोक्याचे आहे. त्यापेक्षा दिवे दोन सर्किटांत विभागणे आणि रिले एकापाठोपाठ एक, थोड्या अंतराने लागतील अशी रचना करणे हा सरळ उपाय आहे.

त्याच बारा दिव्यांच्या उदाहरणात गळतीचाही हिशेब करावा. पॉवर सप्लायमधील फिल्टर थोडा प्रवाह जाणूनबुजून अर्थकडे सोडतात. तो दोष नसला तरी आरसीसीबीला दोष आणि फिल्टर यांतला फरक कळत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कोठेही तुटू शकतो, म्हणून नेहमीची गळती त्याच्या रेटिंगच्या सुमारे ३० टक्क्यांच्या, म्हणजे ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवण्याचा संकेत आहे. प्रत्येक दिवा १ मिलिअँपिअर सोडत असेल तर बारा दिव्यांतच ही मर्यादा ओलांडली जाते आणि भर प्रयोगात अख्खा बार अंधारात जाण्याची शक्यता निर्माण होते. सहा-सहा दिव्यांची दोन सर्किटे आणि प्रत्येकाला स्वतंत्र आरसीसीबी, अशी मांडणी केली की झटक्याचा आणि गळतीचा भार दोन्ही ठिकाणी निम्मा होतो. आरसीसीबी निवडताना तो केवळ एसी प्रकारचा नसावा. इलेक्ट्रॉनिक भारासाठी किमान ए प्रकारचा घ्यावा आणि दिव्याच्या निर्मात्याने वेगळा प्रकार सांगितला असेल तर तोच बसवावा.

न्यूट्रलकडे पुन्हा एकदा वळावे लागते. तीन फेजांवर भार सारखा वाटला की न्यूट्रलमधला प्रवाह शून्याकडे जातो, हे शुद्ध लहरीपुरते खरे आहे. कापलेल्या किंवा विकृत लहरीतील तिसरा हार्मोनिक (मूळ लहरीच्या तिप्पट वेगाची उपलहर) तिन्ही फेजांत एकाच तालात येतो आणि न्यूट्रलमध्ये रद्द होण्याऐवजी त्याची बेरीज होते. चांगल्या दर्जाच्या एलईडी दिव्यांत पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट असल्यामुळे हा त्रास आटोक्यात राहतो, पण डिमर आणि स्वस्त दिवे एकत्र असतील तर न्यूट्रल फेजपेक्षा बारीक असता कामा नये. मुख्य वाहिनीत तो जाड असलेला उत्तम. त्याचे सर्व जोड घट्ट करून घ्यावेत, कारण तीन फेजांच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल सुटला तर काही सर्किटांवर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या दिशेने व्होल्टेज चढते आणि एका क्षणात अनेक दिव्यांचे सप्लाय निकामी होतात. मोजमापासाठी ट्रू आरएमएस, म्हणजे लहर विकृत असली तरी खरा आकडा दाखवणारा, क्लॅम्प मीटरच वापरावा. साधा मीटर कापलेल्या लहरीचा आकडा चुकीचा दाखवतो. एकूण भार घटला म्हणून मुख्य वाहिनी मात्र बारीक करू नये, कारण बाहेरून येणारे मोठे प्रयोग स्वतःचे फिरते दिवे आणतात. जनरेटर असेल तर तो एलईडीच्या हलक्या आणि कपॅसिटरच्या अंगाने झुकणाऱ्या भारावर स्थिर राहतो का, हे त्याच्या तंत्रज्ञासमोर प्रत्यक्ष चालवून पाहावे.

एका दिव्यातून दुसऱ्या दिव्याला वीज पुढे नेण्याची सोय अनेक दिव्यांत असते. ती वापरताना साखळीतील पहिल्या कनेक्टरची, केबलची आणि एमसीबीची मर्यादा पाहावी, आणि त्यांतली सर्वांत कमी मर्यादा हीच साखळीची मर्यादा धरावी. पॉवरकॉन २० अँपिअर हा निळा-करडा कनेक्टर भार चालू असताना जोडण्या-काढण्यासाठी बनलेला नाही, तर ट्रू-वन मालिकेतील कनेक्टर त्यासाठी बनलेला आहे. हे दोन एकमेकांत बसत नाहीत, म्हणून केबलची खरेदी दिव्यांची निवड पक्की झाल्यावरच करावी.

पूर्वी नियंत्रणाची तार डिमर रॅकपर्यंत गेली की पुरत असे. आता ती प्रत्येक दिव्यापर्यंत न्यावी लागते. हा खर्च अंदाजपत्रकात हमखास विसरला जातो. १९८६ मध्ये प्रथम ठरलेल्या डीएमएक्स ५१२ या नियंत्रणपद्धतीत एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे चॅनलांच्या एका गटात, ५१२ चॅनल असतात. एका डिमरला एक चॅनल पुरत होता. १० चॅनलचे ६० दिवे लावले तर ६०० चॅनल होतात आणि दुसरे युनिव्हर्स घ्यावे लागते. एका ओळीवर ३२ पेक्षा जास्त उपकरणे जोडू नयेत, फाटे काढायचे तर स्प्लिटर (संदेश अनेक ओळींत वाटणारे उपकरण) वापरावा आणि ओळीच्या शेवटी १२० ओहमचा टर्मिनेटर (संदेश उलटा परतू न देणारा रोध) लावावा. दिव्यांचे पत्ते, म्हणजे त्यांचे सुरुवातीचे चॅनल क्रमांक, खालून बदलण्याची आरडीएम नावाची सोय हवी असेल तर स्प्लिटर दोन्ही दिशांनी संदेश नेणारा असावा. जुने स्प्लिटर तसे नसतात. प्रेक्षागृहातील दिवेही त्याच रॅकवर असतील तर त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा, आणि आपत्कालीन दिव्यांच्या सर्किटांना या कामात अजिबात हात लागू देऊ नये.

नवे दिवे वर चढण्याआधी सॉकेटांवर खुणा करणे आवश्यक आहे. डिमरचे सॉकेट आणि अखंड पुरवठ्याचे सॉकेट यांचा आकारच वेगळा ठेवता आला तर सर्वांत चांगले, कारण घाईच्या वेळी अंधाऱ्या कॅटवॉकवर (दिव्यांपर्यंत जाण्याच्या उंचावरील अरुंद वाटेवर) लेबल कोणी वाचत नाही. ते शक्य नसेल तर दोन ठळक रंग ठरवून सॉकेट, केबलची दोन्ही टोके आणि पॅनेल, या सर्व ठिकाणी तेच रंग लावावेत.

चाचणीसाठी तालमीचा दिवस न वापरता स्वतंत्र दिवस काढावा. आधी एका सर्किटवर एक दिवा, मग पूर्ण सर्किट, मग सर्व सर्किटे, या क्रमाने जावे आणि प्रत्येक टप्प्यावर फेज, न्यूट्रल आणि गळती यांचे आकडे तक्त्यात लिहावेत. सगळे दिवे तासभर पूर्ण प्रकाशावर ठेवून पॅनेलमधील जोडांचे तापमान पाहावे. त्यानंतर मुख्य स्विच बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू करावा, म्हणजे वीज गेल्यावर परत येते त्या क्षणी एमसीबी टिकतात की नाही ते कळेल. प्रकाशयोजनाकाराला बसवून शून्यापासून दहा टक्क्यांपर्यंतचा अतिशय संथ फेड पाहावा, कारण एलईडीच्या पायऱ्या याच टप्प्यात दिसतात, आणि प्रयोगाचे चित्रीकरण होणार असेल तर कॅमेऱ्यातून लुकलुक तपासावी. शेवटी सभागृह शांत करून पंख्यांचा आवाज पहिल्या रांगेतून ऐकावा. भरलेला तक्ता आणि सुरू-बंद करण्याचा क्रम पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावा आणि त्याची दुसरी प्रत प्रकाशकक्षात ठेवावी.