दोष पोराचा की लाइनचा? नवा क्वार्टरबॅक कसा जोखावा

शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या (लीग एनएफएल) चाहत्यांपुढे क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, विषय काढला की तासाभराची निश्चिंती. हा संघ १९२० पासून खेळतोय, पण एका हंगामात ४,००० यार्ड पास करणारा क्वार्टरबॅक त्यांना आजवर मिळालेला नाही. बाकी ३१ संघांकडे असा कोणी ना कोणी होऊन गेला. त्यामुळे नवा पोरगा आला की तो दुसऱ्याच महिन्यात डोक्यावर तरी घेतला जातो किंवा त्याच्या नावानं बोटं तरी मोडली जातात. एक गट म्हणतो पोरात दम नाही, दुसरा म्हणतो त्याला आधारच दिला नाही. दोन्ही गट सामना संपल्यावर एकच स्कोअरकार्ड बघून भांडत असतात.

शिकागोजवळच्या नेपरविल-शॉम्बर्गकडची मराठी घरं असोत की पुण्यात रविवारी रात्री साडेदहाला (नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की साडेअकराला) लॅपटॉप उघडणारे असोत, या वादात उतरायचं असेल तर खालच्या क्रमानं जावं. उदाहरणं मुद्दाम बहुतेक शिकागोचीच घेतली आहेत. एकाच संघात लागोपाठ दोन तरुण क्वार्टरबॅक, जस्टिन फील्ड्स आणि केलेब विल्यम्स, आले की तुलना सोपी जाते.

नवख्यांसाठी दोन ओळी. सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो तो स्नॅप. सेंटरच्या दोन बाजूंना दोन गार्ड, कडेला दोन टॅकल, ही पाच जणांची लाइन. क्वार्टरबॅकला पास देण्याआधीच मागे पकडून पाडलं की सॅक. एवढ्यावर पुढचं सगळं समजेल.

पायरी १ : हार-जीत बाजूला ठेवा

यावर फार बोलत नाही. क्वार्टरबॅकच्या नावापुढे विजय लिहायची पद्धत अमेरिकेत आहे, पण त्यात बचावफळी, किकर आणि हवा हे सगळं येतं. तरुण खेळाडू जोखताना ती ओळ झाकून टाका.

पायरी २ : लाइनची हजेरी घ्या, आणि मधल्या तिघांपासून सुरुवात करा

चाहते आधार मोजतात तो रिसीव्हरांच्या, म्हणजे पास झेलणाऱ्यांच्या, नावांनी. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं, आणि या लेखाचा मुख्य मुद्दाही हाच आहे. २०२४ मध्ये विल्यम्स ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिल्या क्रमांकावर आला, तेव्हा त्याच्याभोवती डी. जे. मूर, कीनन ॲलन आणि त्याच ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर घेतलेला रोम ओडुन्झे असे तीन रिसीव्हर होते. कागदावर बघून लोक म्हणाले, कुठल्या नवख्याला एवढं ताट वाढून मिळतं? त्या हंगामात विल्यम्सला ६८ वेळा सॅक केलं गेलं. लीगच्या इतिहासात एका हंगामात याहून जास्त सॅक सोसावे लागलेले दोघेच : २००२ मध्ये ह्यूस्टनचा डेव्हिड कार, ७६, आणि १९८६ मध्ये फिलाडेल्फियाचा रँडल कनिंगहॅम, ७२.

मधले तिघे, म्हणजे सेंटर आणि दोन गार्ड, इतके महत्त्वाचे का? कडेनं येणारा दबाव क्वार्टरबॅकला चुकवता येतो. तो एक पाऊल पुढे सरकतो आणि येणारा माणूस त्याच्या पाठीमागून वळसा घेत निघून जातो. दबाव मधून आला तर पुढे सरकायला जागाच नसते. माणूस थेट तोंडावर येतो, पास देताना टाच रोवता येत नाही, समोरचं दिसत नाही. उंचीनं कमी असलेल्या क्वार्टरबॅकचे तर नाकी नऊ येतात.

शिकागोनं २०२५ च्या मार्च महिन्यात नेमकं हेच दुरुस्त केलं. कॅन्सस सिटीकडून जो थुनी आणि लॉस एंजेलिस रॅम्सकडून जोना जॅक्सन हे दोन गार्ड अदलाबदलीत आणले आणि अटलांटाचा सेंटर ड्रू डॅलमन करार करून घेतला. मधले तिघेच्या तिघे नवे. त्या हंगामात विल्यम्सचे सॅक ६८ वरून २४ वर आले.

तेव्हा हंगाम सुरू होण्याआधी पाच नावं लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी टिपा : या संघात त्याचं कितवं वर्ष, याच जागेवर तो आधी खेळलाय का, आणि गेल्या हंगामात किती सामने बाहेर बसला. वहीचं अर्धं पान पुरतं.

पायरी ३ : सॅक मोजू नका, वाटून द्या

आता खरं काम. सामना रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी फक्त सॅक आणि थोडक्यात वाचलेले प्रसंग बघा. फोनवरचं स्टॉपवॉच हातात घ्या. स्नॅपला सुरू करायचं, चेंडू हातातून सुटला किंवा माणूस पडला की थांबवायचं. अडीच सेकंद हा ढोबळ काटा धरा.

अडीचच्या आत कोणी न अडवता आत घुसला असेल तर तो सॅक लाइनचा किंवा आखणीचा. मग मागे नेऊन बघा : घुसणाऱ्याला कोणी हातच लावला नाही, की लाइनमननं हात लावला पण तो हरला? हात लावून हरला तर त्या लाइनमनचा दोष. हातच लागला नाही तर कोणाला कोणी धरायचं हे ठरवण्यातच गडबड झाली. तिथे सेंटर, क्वार्टरबॅक आणि कोच तिघंही वाटेकरी.

साडेतीन-चार सेकंद चेंडू हातात धरून मग पडला असेल तर आधी क्वार्टरबॅककडे बघा. मात्र लगेच खापर फोडू नका. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे असतो, लांब गेलेले रिसीव्हर दिसतच नाहीत. त्यासाठी सगळे बावीस खेळाडू वरून दाखवणारं चित्रण बघावं लागतं, ते सामन्यानंतर मिळतं. कोणी मोकळा होता आणि त्यानं बघितलं नाही, तर दोष त्याचा. कोणीच मोकळा नव्हता, तर चेंडू मैदानाबाहेर फेकून द्यायला हवा होता. तरीही दोष त्याचाच, पण थोडा कमी.

हे करताना एक सामना जरूर काढून बघा : २६ सप्टेंबर २०२१, क्लीव्हलँड. फील्ड्स पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता. त्यानं २० पैकी ६ पास पूर्ण केले, ६८ यार्ड. नऊ सॅकमध्ये गेले ६७. लीगच्या हिशेबात संघाच्या पासिंगमधून सॅकचं नुकसान वजा होतं, म्हणून अख्ख्या सामन्यात शिकागोचं पासिंग भरलं एक यार्ड. क्लीव्हलँडच्या एकट्या माइल्स गॅरेटनं साडेचार सॅक केले. डाव्या टॅकलला ३९ वर्षांचा जेसन पीटर्स उभा होता आणि त्याच्या मदतीला जादा माणूस पुरेशा वेळा दिलाच गेला नाही. पुढच्याच आठवड्यात हेड कोच मॅट नॅगी यांनी डावपेच पुकारायचं काम बिल लेझर यांच्याकडे सोपवलं. डेट्रॉइटविरुद्ध त्याच फील्ड्सनं १७ पैकी ११ पास पूर्ण केले, २०९ यार्ड, आणि शिकागो २४-१४ नं जिंकलं. लाइन साधारण तीच होती. बदलली होती आखणी, आणि समोरचा संघही क्लीव्हलँडइतका तगडा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पायरी ४ : आकडे घ्या, पण भागाकार करून

नुसते सॅक फसवतात. सॅकला (पास अधिक सॅक) नं भागा. फील्ड्सनं २०२२ मध्ये फक्त ३१८ पास टाकले आणि ५५ सॅक सोसले : ५५ भागिले ३७३, म्हणजे १४.७ टक्के. विल्यम्सचे २०२४ मधले ६८ सॅक ५६२ पासवर आले : १०.८ टक्के. वर्तमानपत्रात ६८ हा आकडा भयानक दिसतो, पण प्रमाण फील्ड्सचं जास्त वाईट होतं. त्याच वर्षी फील्ड्स १,१४३ यार्ड धावला. हे दोन आकडे एकमेकांना चिकटलेले आहेत. पळायच्या संधीची वाट बघणारा माणूस चेंडू जास्त वेळ धरतो आणि कधी सापडतो. त्याला वेगळी लाइन दिली असती तर प्रमाण खाली आलं असतं, पण विल्यम्सइतकं आलं असतं का? माझं मत, नाही. सॅक होण्याची सवय काही प्रमाणात क्वार्टरबॅकबरोबर फिरते.

आता विल्यम्सचं दुसरं वर्ष, २०२५. ५६८ पास, २४ सॅक, म्हणजे सुमारे ४ टक्के. ३,९४२ यार्ड, हा शिकागोचा विक्रम (४,००० चं भूत तेवढं राहिलंच). टचडाउन (थेट गुण मिळवून देणारे पास) २७, इंटरसेप्शन (समोरच्या संघानं मध्येच झेललेले पास) ७. आणि पूर्ण केलेल्या पासचं प्रमाण? पहिल्या वर्षी ६२.५ टक्के होतं, ते घसरून ५८.१ वर आलं. नुसता हा एक आकडा पुढे करून कोणी म्हणेल, पोरगा मागे गेला. पण सॅक टाळण्यासाठी बाहेर फेकलेला चेंडूही अपूर्ण पासच धरला जातो. लांबचे पास जास्त टाकले, रिसीव्हरनं हातातला चेंडू सोडला, तरी प्रमाण खालीच येतं. म्हणजे सॅक आणि पूर्णतेचं प्रमाण हे दोन आकडे नेहमी शेजारी-शेजारी ठेवूनच वाचायचे. तरीही ५८ टक्के कमीच आहेत, आणि सोपे छोटे पास त्याच्या हातून चुकतात ही तक्रार खरी आहे. तिसऱ्या वर्षी लाइनचं कारण पुढे करता येणार नाही.

पायरी ५ : त्याच्या कानात किती जण बोलले ते मोजा

हेल्मेटमधल्या स्पीकरवरून डावपेच सांगणारा माणूस बदलला की क्वार्टरबॅकला नवी भाषा शिकावी लागते. पावलं किती मागे घ्यायची, आधी कुणाकडे बघायचं, सगळं बदलतं. २०२४ च्या एकाच हंगामात विल्यम्सनं शेन वॉल्ड्रन पाहिले. नोव्हेंबरात त्यांना काढल्यावर थॉमस ब्राउन आले. मग थँक्सगिव्हिंगच्या दिवशी डेट्रॉइटमध्ये टाइमआउट (घड्याळ थांबवायची संधी) हातात असताना वेळ संपून सामना हरल्यावर दुसऱ्या दिवशी हेड कोच मॅट एबरफ्लूस यांनाही नारळ मिळाला. हंगाम चालू असताना हेड कोचला काढण्याची शिकागोच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. जानेवारी २०२५ मध्ये बेन जॉन्सन आले. दोन वर्षांत हा तिसरा आवाज.

बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन याचं उदाहरण प्रत्येक वादात येतं. त्याचं पूर्ण पासचं प्रमाण : २०१८ मध्ये ५२.८ टक्के, २०१९ मध्ये ५८.८, २०२० मध्ये ६९.२. सांगणारे रिसीव्हर स्टेफॉन डिग्जचं नाव घेऊन थांबतात, कारण तो २०२० मध्ये आला. पण त्याआधीच्या वर्षी सेंटर मिच मोर्स आणला होता, जॉन ब्राउन आणि कोल बीझली हे रिसीव्हर आणले होते, आणि २०१८ ते २०२१ अशी चार वर्षं डावपेच सांगणारे ब्रायन डेबॉलच होते. हा शेवटचा भाग कोणी सांगत नाही. आणि हो, ॲलनच्याच २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर क्वार्टरबॅक जॉश रोझन होता. ॲरिझोनानं एका वर्षात त्याला दुसरीकडे धाडलं आणि कायलर मरेला घेतलं. ॲलनचं नाव घेऊन धीर धरा म्हणणाऱ्यांनी रोझनचंही नाव घ्यावं. धीर धरला असता तर काय झालं असतं, हे त्याच्या बाबतीत कोणालाच कळणार नाही.

पायरी ६ : निकालाची तारीख ठरवा

पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो. पाचवं वर्ष घ्यायचं की नाही हे संघाला तिसरा हंगाम संपल्यावर मे महिन्याच्या सुरुवातीला सांगावं लागतं. तुम्हीही तेवढीच मुदत द्या. या काळात क्वार्टरबॅक स्वस्तात पडतो, म्हणून लाइनवर पैसा ओतायची हीच वेळ असते. ती वाया घालवणाऱ्या संघाला आधी धारेवर धरा.

एका हंगामात १७ सामने. चार-चार सामन्यांचे तुकडे पाडून पायरी ३ चा वाटणीचा हिशेब लिहा : लाइन, आखणी, रिसीव्हर, क्वार्टरबॅक. लाइनमधला कोणी जखमी होऊन बसला तर त्या सामन्यापुढे खूण करा. तुकड्यागणिक चौथा रकाना खाली येतो का, एवढंच बघायचं. बाकीचे तीन भरलेले असले तरी चालतील.

वाद घालताना

समोरच्याला आधी विचारा की तो कुठल्या सॅकबद्दल बोलतोय. क्वार्टर (सामन्याच्या चार भागांपैकी कितवा) आणि घड्याळ सांगता आलं तर तो प्रसंग दोघं मिळून बघा. नाही सांगता आलं, तर तो स्कोअरकार्डावरून बोलतोय. सप्टेंबरात दोघांनी एकेका कागदावर तीन भाकितं लिहून तारीख घालावी : सॅकचं प्रमाण, पूर्णतेचं प्रमाण, आणि डिसेंबरात डावपेच सांगणारा माणूस तोच असेल का. जानेवारीत कागद उघडायचे, आणि हरलेल्यानं प्लेऑफच्या रात्रीची भेळ आणायची.