फरक डोळ्यांना दिसेल का? आधी अंतर मोजा
फोटो कॉम्प्रेस केल्यावर झालेला फरक नजरेला जाणवेल का, हे एनव्हिडियाचं मोफत सॉफ्टवेअर ‘फ्लिप’ मूळ आणि बदललेलं चित्र ताडून, फरकाचा नकाशा काढून बरंच नेमकं सांगतं. फक्त त्यातलं एक सेटिंग आहे तसं सोडू नका: दृष्टीच्या एका अंशात किती पिक्सेल मावतात. मूळ आकडा 67, म्हणजे 70 सेंमी रुंद 4के मॉनिटर 70 सेंमीवरून बघणाऱ्याचा. तुमचा 24 इंची फुल एचडी असेल तर? 1920 भागिले रुंदी 53 सेंमी, गुणिले अंतर 60 सेंमी, गुणिले 0.01745, साधारण 38. (कॅल्क्युलेटर काढाच.) 67 ठेवलात, तर डोळ्यांना खुपणारा फरकही नकाशात फिका दिसेल. आणि हो, दोन्ही चित्रं नीट जुळवून घ्या. एक एकाच पिक्सेलने सरकलेलं असलं तरी कडा उगाच उजळतात.