माका लावताय? आधी रोप ओळखा

पाऊस स्थिरावला की पाटाच्या कडेला, भातखाचराच्या बांधावर, पाणी मुरणाऱ्या कोपऱ्यात माका आपोआप उगवतो. केसांच्या तेलासाठी आणि औषधांसाठी तो लागतो, म्हणून वाफ्यात मुद्दाम लावायला हेच दिवस चांगले. पण बेणेच भलत्या झाडाचे निघाले तर सगळी मेहनत पाण्यात जाते. त्यामुळे बांधावरून रोपे उचलण्याआधी ती फुलावर येऊ द्या आणि खाली बसून नीट पाहा.

माका सूर्यफुलाच्या कुळातला आहे. खोड लालसर-जांभळट, त्यावर अंगाला चिकटलेली पांढरी राठ लव. पाने समोरासमोर, लांबट, जवळजवळ बिनदेठाची आणि हाताला खरखरीत. फूल शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, 6 ते 8 मिलिमीटरचे. त्याच्या काठाला पुष्कळ बारीक पांढऱ्या पाकळ्या असतात आणि मधला भागही पांढुरकाच असतो. पाकळ्या झडल्या की हिरवी चपटी बोंडी उरते, तिच्यात पुढे काळपट बी तयार होते. शंका राहिलीच तर ताजी पाने तळहातावर चुरगळा. माक्याचा रस थोड्याच वेळात काळा पडतो आणि हाताला डाग राहतो.

सर्वात जास्त गल्लत एकदांडीशी होते. तिचे फूल उंच, एकट्या दांड्यावर येते, मध्ये पिवळे असते, काठाला मोजक्याच रुंद पाकळ्या असतात आणि बी केसांच्या झुपक्यावर वाऱ्याने उडते. पिवळा माका फुलाच्या रंगावरून लगेच कळतो. ओसाडीकडे मात्र विशेष लक्ष द्या. निळसर किंवा पांढऱ्या गोंड्यांचे हे तण ओल्या जागी माक्याच्या शेजारीच वाढते. त्यात यकृताला घातक अल्कलॉइड असतात, त्यामुळे औषधी मालात त्याची एक काडीही जाता कामा नये. खुरपणी करताना ते दिसले की लगेच उपटा.

बी पेरायचे असेल तर ते मातीत गाडू नका. माक्याच्या बीला उगवायला उजेड लागतो. बारीक वाळूत मिसळून ओल्या वाफ्यावर भुरभुरवा, हाताने हलके दाबा आणि झारीनेच पाणी द्या. आमच्या मते छाटे लावणे जास्त सोपे. तीन-चार पेरांचा निरोगी तुकडा घ्या, दोन पेरे मातीत जातील असा लावा, पेरापेराला मुळे फुटतात. दोन रोपांत वीतभर अंतर पुरते. जमीन सतत ओलसर हवी. थोडे दिवस पाणी साचले तरी माका तग धरतो, पण जमीन कोरडी पडली की खुरटतो. भरपूर कुजलेले शेणखत घाला.

गटाराच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेला माका कितीही तजेलदार दिसला तरी घेऊ नका, त्यात जड धातू उतरलेले असू शकतात. तणनाशक मारलेल्या बांधावरचाही नको.

फुले लागताच कापणी करा. जमिनीलगत दोन-तीन पेरे ठेवून वरचा भाग कापला की पुन्हा फुटवे येतात. बी पिकेपर्यंत थांबलात तर ते गळून पुढच्या हंगामात शेजारच्या भातात तण माजते, म्हणून बेण्यापुरतीच झाडे राखा आणि त्यांची बोंडे वेळेवर काढून घ्या.

कापलेला माल धुऊन, पाणी निथळून सावलीत पातळ थरात पसरा आणि रोज उलटा. पाने आधी वाळतात, खोडात मात्र ओल राहते. काडी वाकवल्यावर कट्कन मोडली तरच पोते भरा. भरल्यावरही चार-पाच दिवसांनी पोत्यात हात घालून पाहा, आत उबट लागले तर माल त्याच दिवशी पुन्हा पसरा.