चुंबकीय थिन फिल्मचे संशोधन सुरू करताना

कोल्हापूर परिसरातून एम.एस्सी. करून धातूंच्या ऑक्साइडवर पीएच.डी. करू पाहणारे विद्यार्थी मला बहुधा एकच प्रश्न विचारतात : निर्वात यंत्रणा नसेल तर चांगली थिन फिल्म, म्हणजे काचेसारख्या पृष्ठभागावरचा अतिशय पातळ थर, होते का? होते. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात स्प्रे पायरोलिसिस (तापलेल्या काचेवर द्रावण फवारणे) आणि रासायनिक निक्षेपण (द्रावणातून थर बसवणे) या निर्वाताची गरज नसलेल्या पद्धतींनी फिल्म तयार करण्याची जुनी परंपरा आहे. खरी अडचण पुढे येते. हाती आलेल्या फिल्ममध्ये दिसणारे चुंबकत्व त्या फिल्मचेच आहे, हे दाखवावे लागते.

माझी सुरुवात कोबाल्ट फेराइट या लोह-कोबाल्टच्या चुंबकीय ऑक्साइडपासून झाली. त्यात दोन लोहअणूंमागे कोबाल्टचा एक अणू असतो. म्हणून ५० मिलिलिटर द्रावणात २.०२ ग्रॅम फेरिक नायट्रेट आणि ०.७३ ग्रॅम कोबाल्ट नायट्रेट, असे साधे गणित मी वहीत मांडले होते. जुलैच्या पावसात मात्र ते गणित टिकले नाही. फेरिक नायट्रेटचे फिकट जांभळे स्फटिक वजनकाट्यावर ठेवल्या ठेवल्या ओलसर होऊन कागदाला चिकटत आणि काट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत वाढत जाई. वाढलेले वजन हवेतल्या पाण्याचे असल्यामुळे द्रावणात लोह कमी पडे आणि दोनास एक हे प्रमाण बिघडे. कोल्हापुरात काम करणाऱ्याने बाटली डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवावी, वजन झटपट करावे आणि पावसाळ्यात द्रावणातील लोहाचे प्रमाण टायट्रेशनने तपासून घ्यावे. स्प्रे करताना नायट्रेटचे विघटन होऊन नायट्रोजन डायऑक्साइडचा विषारी, तपकिरी धूर निघतो, म्हणून धूर ओढून घेणाऱ्या बंद कपाटाबाहेर हे काम कधीही करू नये.

कोबाल्ट फेराइट जमल्यावर मी कोबाल्ट मिसळलेल्या झिंक ऑक्साइडकडे वळलो. अशा पदार्थात सामान्य तापमानाला लोहचुंबकत्व मिळाले, तर इलेक्ट्रॉनचा विद्युतप्रभार आणि स्पिन (त्याचा अंगभूत चुंबकीय गुण) या दोन्हींवर चालणारी उपकरणे करता येतील, अशी आशा त्या काळी अनेकांना होती. व्हीएसएम या चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावरची मोजणी बाहेर करून घ्यावी लागे आणि निकाल यायला काही आठवडे जात. पहिल्याच खेपेला हिस्टेरिसिस लूप, म्हणजे लोहचुंबकत्वाची खूण असलेला आलेखातला वळसा, उघडलेला दिसला. तो कागद घेऊन मी माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेलो. त्यांनी लूपकडे क्षणभर पाहिले आणि विचारले, "कोऱ्या काचेचा लूप कुठे आहे?"

तो माझ्याकडे नव्हता. पुढच्या खेपेला मी फिल्म नसलेली काचपट्टी नेहमीच्याच स्टीलच्या चिमट्याने उचलून पाठवली, तर तिच्यातही तसाच लूप आला. मग नव्या पट्ट्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन फक्त प्लॅस्टिकच्या चिमट्याने हाताळल्या, तेव्हा काचेची अपेक्षित असलेली, उताराची सरळ प्रतिचुंबकीय रेषा मिळाली. (झिंक ऑक्साइड आम्लात विरघळते, त्यामुळे हा उपाय फिल्म चढवण्याआधीच करायचा असतो.)

एवढासा चिमटा असा घात कसा करतो, हे मी नंतर आकडे मांडून पाहिले. पाच मिलिमीटर बाजूच्या चौरसावरच्या १०० नॅनोमीटर जाडीच्या कोबाल्ट फेराइट फिल्मचे एकूण चुंबकत्व साधारण एका ईएमयूच्या (चुंबकत्व मोजण्याच्या एककाच्या) हजाराव्या भागाइतके येते. मिश्रित झिंक ऑक्साइडमध्ये ते त्याहून शंभरपट कमी, म्हणजे एका लक्षांशाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असू शकते. २० मायक्रोमीटर बाजूचा लोखंडाचा एकच कण, जो डोळ्यांना जवळजवळ दिसतही नाही, तेवढे चुंबकत्व एकटा देतो. या फसवणुकीचा अनुभव जगभर आला आहे. हाफ्नियम ऑक्साइडच्या फिल्ममध्ये चुंबकत्व आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले आणि २००५ साली दुसऱ्या गटाने दाखवून दिले की स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने हाताळलेल्या फिल्ममध्ये तसे संकेत येतात.

काचेवरही पूर्ण विश्वास ठेवू नये. साधी काचपट्टी कडेने धरून पाहिली तर हिरवट दिसते. तो रंग काचेतल्या लोहाचा असतो. म्हणून प्रत्येक खेपेतील एक कोरी पट्टी फिल्मसोबतच तापवून आणि तशीच हाताळून मोजायला ठेवावी. आपल्याकडे सबस्ट्रेट होल्डर (काचपट्टी धरणारा साचा) कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर सहज करून मिळतो, ही मोठी सोय आहे. पण त्याच्या खाचांत अडकलेला लोखंडाचा बारीक कीस आधी पूर्ण काढून टाकावा लागतो. फिल्म मॅग्नेटाइटची आहे की मॅग्हेमाइटची (दोन्ही लोहाची चुंबकीय ऑक्साइडे), हे एक्सआरडीवरून, म्हणजे क्ष-किरणांच्या विवर्तनावरून, ठरवतानाही घाई करू नये, कारण दोघांच्या रेषा जवळजवळ एकाच जागी येतात. तिथे रामन वर्णपट (पदार्थाने विखुरलेल्या लेझर प्रकाशाचा वर्णपट) अधिक उपयोगी पडतो.

नेट किंवा सेटचा अभ्यास या कामासोबत करता येतो. मात्र प्रयोगाची वही रोजच्या रोज लिहावी आणि कोणती पट्टी कोणत्या चिमट्याने उचलली हेही त्यात नोंदवावे. माझ्या वहीत ती नोंद नव्हती, म्हणून झिंक ऑक्साइडचे सगळे नमुने मला पुन्हा करावे लागले आणि त्यात आठ महिने गेले. नव्या नमुन्यांत सामान्य तापमानाला लोहचुंबकत्व आढळले नाही. प्रबंधात ते प्रकरण तसेच लिहिले आणि त्यात कोऱ्या काचेचे आलेख फिल्मच्या आलेखांशेजारी छापले.