कंपनीच्या फाउंडेशनकडून फाइल परत का येते? या चुका टाळा

चोपडा तालुक्यातल्या एका संस्थेच्या सचिव ताई फायलींची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मुंबईच्या एका कंपनीच्या फाउंडेशनने त्यांचा प्रस्ताव पहिल्याच चाळणीत बाजूला काढला होता. कारण एका ओळीचं: संस्थेची ओळख पटत नाही. संस्था बारा वर्षं जुनी, काम गावागावांत दिसणारं. ताई वैतागून म्हणाल्या, ‘‘भाऊ, काम शे, कागद बी शे, मंग?’’ मी कागद टेबलावर मांडले. धर्मादायच्या दाखल्यावर ‘बहुउद्देशीय’, पॅन कार्डावरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक यू गळालेला, आणि बँकेच्या पासबुकात जागा पुरली नाही म्हणून नुसतं ‘बहु. संस्था’. एका संस्थेच्या तीन संस्था झाल्या होत्या. यातली खरी कोणती, हे मुंबईत बसलेल्या माणसाने कसं ओळखावं?

आपल्या खानदेशात दर दुसऱ्या संस्थेच्या नावात ‘बहुउद्देशीय’ असतंच. तेव्हा पुढचं वाचण्याआधी आपले तिन्ही कागद शेजारी ठेवून एक-एक अक्षर जुळवून पाहा. पॅनमधली दुरुस्ती अवघड नाही, पण वेळ खाते, आणि प्रस्तावाची मुदत तोवर थांबत नाही.

समोरचा माणूस शेठ नाही

अमळनेरला प्रतापशेठांनी गिरणी काढली, १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. त्या काळी शेठच्या मनात भरलं की काम व्हायचं. आपल्यातले बरेच जण अजून तोच नमुना डोक्यात ठेवून अर्ज लिहितात: आमची अडचण फार मोठी आहे, मदत करावी. फाउंडेशनमध्ये तुमची फाइल वाचणारा मात्र पगारी माणूस असतो. तो सीएसआर, म्हणजे कंपनीने सामाजिक कामावर करायच्या खर्चाच्या, समितीला उत्तर देतो, समिती संचालक मंडळाला, आणि पैसा ठरल्या कामावरच लागला असं प्रमाणपत्र कंपनीच्या वित्तप्रमुखाला स्वतःच्या सहीने द्यावं लागतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने आणि त्याखालच्या नियमांनी हे सगळं घातलंय; कलम लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक भरतं, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे. म्हणजे पैसा आहे. पण वाचणारा मनात एकच विचारतो: उद्या मला कुणी विचारलं, तर मी काय दाखवू? याचं उत्तर ज्या फायलीत नसतं, ती परत येते.

कागद: इथेच निम्म्या फायली पडतात

आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, आणि केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर भरलेला सीएसआर-१ फॉर्म, एवढं हवंच. सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेला हा फॉर्म १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. त्याला सरकारी शुल्क नाही. डिजिटल सही लागते आणि सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणन लागतं, त्याची काय फी असेल तेवढीच. शिवाय अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. संस्था कालपरवाची असेल तर उगाच धडपडू नका. जुन्या संस्थेसोबत भागीदारीत एक प्रकल्प करा आणि तोवर आपले ऑडिट नीट ठेवा.

१२ए आणि ८०जी एकदा मिळाली की जन्मभराची, हा गैरसमज अजून गेलेला नाही. २०२१ पासून नोंदणीला मुदत असते. आदेशाच्या प्रतीवर कोणत्या वर्षापर्यंत लिहिलंय ते वाचा. मी विचारलं की लोक फ्रेम केलेला दाखला दाखवतात, त्यावरचं वर्ष २००९!

आणि चेंज रिपोर्ट. धुळे जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या शेड्यूल वन उताऱ्यावर (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद) अध्यक्ष म्हणून जे नाव होतं, त्यांचं वर्षश्राद्धही होऊन गेलं होतं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवायचं असतं. हे राहिलं की करारावर सही कुणाची, इथेच गाडी रुतते. विश्वस्त मंडळात नवरा, बायको, मेहुणा आणि शालक असतील तर कायद्याने ते चालतही असेल, पण वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी पडतेच. दोन बाहेरचे, कामातले लोक घ्या.

चुकीच्या दारावर थाप

सभामंडपाची फरशी, कुस्त्यांची दंगल, गुणवंतांचा सत्कार, मॅरेथॉन. यासाठी सीएसआर मागू नका. एकदाच होणारे कार्यक्रम आणि जाहिरातवजा प्रायोजकत्व यात बसत नाही, कंपनी व्यवहार मंत्रालयाने हे स्पष्ट केलंय. कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये कामांची यादी आहे, आपलं काम त्यातल्या कुठल्या मुद्द्यात येतं ते प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहा.

मग कंपनी निवडा. सगळ्यांना एकच मेल पाठवण्यात अर्थ नाही. सीएसआर लागू असलेल्या कंपनीला आपलं सीएसआर धोरण, समितीची नावं आणि मंजूर प्रकल्प वेबसाइटवर टाकावे लागतात. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कोणत्या जिल्ह्यात किती खर्च झाला ते दिसतं. कायदा सांगतो की कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं. त्यामुळे जळगाव एमआयडीसी, नरडाणा, नवापूर इथे ज्यांचे कारखाने आहेत त्यांच्याकडे आधी जा. नंदुरबारच्या संस्थांना आणखी एक जोर आहे: नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आपला जिल्हा आहे, आणि बऱ्याच कंपन्या अशा जिल्ह्यांसाठी वेगळा विचार करतात. ही ओळ प्रस्तावात नसेल तर हातचं सोडल्यासारखं आहे.

वेळेचंही तसंच. आपल्याकडे दिवाळी, मग लग्नसराई, मग फेब्रुवारीत कुणीतरी म्हणतं, ‘मार्चच्या आत कंपन्या पैसे वाटतात.’ काही वाटतात, नाकारत नाही. पण समिती वर्षाचा कृती आराखडा आधीच ठरवते. तुमची फाइल त्या चर्चेआधी पोचली पाहिजे.

बजेट

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण हुशार संस्थाही इथेच घसरतात. अक्कलकुव्याच्या बाजूला माता-बाल आरोग्याच्या एका प्रस्तावात ओळ होती: ‘प्रवास खर्च – १,००,०००’. बस, एवढंच. एक लाखच का, याचं उत्तर संस्थेकडे नव्हतं. आम्ही ती ओळ फोडली. धडगाव–मोलगी भागात एसटी मोजकी, पाड्यावर जायला क्रूझर भाड्यानेच घ्यावी लागते. महिन्याला ८ फेऱ्या, फेरीला १,८०० रुपये, म्हणजे महिन्याला १४,४०० आणि वर्षाला १,७२,८००. गंमत बघा, खरा आकडा मागितल्यापेक्षा जास्त निघाला. आधीच्या बजेटवर काम मिळालं असतं तर सातव्या महिन्यात गाडी बंद पडली असती आणि दोष संस्थेला लागला असता.

लोक घाबरून पगार लपवतात. म्हणतात, संस्थेला ५ टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. प्रकल्पावर थेट काम करणाऱ्या आरोग्य सेविकेचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च. तो ‘साहित्य’ या नावाखाली दडपू नका, उघड लिहा. फाउंडेशनची स्वतःची काही मर्यादा असू शकते, ती आधी विचारून घ्या.

आणि कृपा करून दुसऱ्याचा प्रस्ताव उतरवू नका. शिरपूरच्या एका फायलीत पान नऊवर ‘कोकणातील मच्छीमार महिलांचे सक्षमीकरण’ राहून गेलं होतं. तापीत मासे असतात हे खरं, पण तेवढ्याने भागत नाही. ‘गावात तीव्र पाणीटंचाई आहे’ याऐवजी गावात तीन हातपंप, मे महिन्यात चालतो एक, बाई दिवसाला चार खेपा करते, असं स्वतः मोजून लिहा.

साहेब येतात तेव्हा

फाउंडेशनचा माणूस गाव बघायला आला की आपल्यातलं आतिथ्य उसळतं. यावल भागातल्या एका भेटीचा मी साक्षीदार आहे. साहेब ११ वाजता आले. हार, नारळ, स्वागतगीत, सरपंचांचं भाषण, मग माजी सरपंचांचं. दीड वाजता भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, वर आग्रह. तीनला भुसावळहून गाडी होती, साहेब निघाले. ज्या बायका केळीच्या खोडापासून धागा काढतात त्या मागच्या शेडमध्ये यंत्रापाशी सकाळपासून बसून होत्या. त्यांना कुणी भेटलंच नाही. अहवालात साहेब लिहिणार काय, भरताची चव?

भाकरी जरूर घाला, पण आधी शेड दाखवा. बायकांनाच बोलू द्या, अहिराणीत बोलल्या तरी चालेल, भाषांतर करायला आपण आहोतच.

‘काम करून देतो’ म्हणणारे

‘मुंबईत ओळख आहे, १० टक्के द्या, मंजुरीपत्र आणतो.’ किंवा त्याहून वाईट: ‘खात्यात ५० लाख येतील, ३० रोख परत करायचे.’ दुसरा प्रकार सरळ गुन्हा आहे, आणि सही तुमची असते, दलालाची नाही. कुणी मंजुरीआधी ‘प्रोसेसिंग फी’ मागितली तर फोन ठेवा आणि कंपनीच्या वेबसाइटवरच्या अधिकृत पत्त्यावर मेल करून विचारा. मी पाहिलेल्या एका मंजुरीपत्रावर कंपनीचा लोगो होता, पण पाठवणाऱ्याचा मेल फुकटातल्या खात्याचा.

पहिला हप्ता आला, दुसरा अडकला

बहुतेक वेळा कारण साधं असतं. बजेटमधल्या एका शीर्षाचा पैसा न विचारता दुसऱ्या शीर्षात वापरला, किंवा बिलं कच्च्या चिठ्ठीवर घेतली, किंवा पैसा कशावर लागला याचं वापर प्रमाणपत्र सीएकडे तीन आठवडे पडून राहिलं. प्रकल्पाला बँकेत वेगळं खातं ठेवा. शीर्ष बदलायचं असेल तर आधी मेल, होकार आला की मगच खर्च.

पैसा उरणार असं दिसलं तर जानेवारीतच सांगा. लोक लाजून मार्चअखेरपर्यंत गप्प बसतात. चालू प्रकल्पाचा न वापरलेला पैसा कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावा लागतो. ऐन ३१ मार्चला तुम्ही ‘साहेब, चार लाख उरले’ म्हणालात, तर पुढच्या वर्षी तुमचा फोन उचलला जाणार नाही.